पुठ्ठ्यावरली भोकं

होटगीच्या अंगाला, माळ जिथं कंटाळून थांबतो,
तिथं नऊ होलचं एक हिरवं मैदान आहे.
पहिल्या दिवशी मी 'नऊ भोकं' म्हणालो.
पुण्याहून आलेला इंजिनियर पोरगा हसला :
होल म्हणा हो, येमूलकाका.
म्हणतो की. आपल्याला काय.
बावीस वर्षं मी भोकांवरच जगलो,
हे त्याला कुठं ठाऊक.

जेकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं असायची.
भोक असलं की धागा वर,
नसलं की खाली.
एवढ्या दोन शब्दांत चादरीवर मोर यायचा,
पिसाऱ्यासकट.
मग कारखाना विकला. माग भंगारात गेले, किलोवर.
पुठ्ठे कुणी घेईना. नागमणीनं बंबात घातले.
आठवडाभर आमचं आंघोळीचं पाणी
मोरांनी तापवलं.

आता हातात कंपनीचा मोबाईल.
गवताखाली चौदा सेन्सर पुरलेत, वीतभर खोल,
ते कळवत राहतात : एकतीस टक्के ओल, एकोणीस टक्के, बारा.
बारा म्हटलं की रात्री कारंजी आपोआप डोकं वर काढतात
आणि शहरानं वापरून टाकलेलं पाणी,
गाळलेलं, वास काढलेलं,
जांभळ्या पाइपातून येऊन पातीपातीवर बसतं.

आमच्या गल्लीत नळ पाचव्या दिवशी.
नागमणी विचारते, तुमच्या गवताला रोज, आन् आम्हाला?
मी म्हणतो, आपण सांडलेलंच पितंय ते, बाई.
ती म्हणते, मग एक सेन्सर
आमच्या हौदात पण पुरा की ओ,
कळू दे कुणाला तरी, बारा टक्के.
यावर ॲपमध्ये काही नाही.
माझ्याकडंही नाही.

साडेदहाला कापणीचं मशीन एकटंच बाहेर पडतं,
कासवाच्या पाठीचं, बारक्या दिव्याचं.
त्याला म्हणे वरून, उपग्रहाकडून, धागा येतो.
दिसत नाही, पण ते दोन बोटंसुद्धा चुकत नाही.
जातं, वळतं, येतं,
धोट्यासारखं, फक्त खडखडाट नाही.
(पहिला महिना मला त्या शांततेनं झोप लागली नाही.)
सकाळी गवतावर पट्टे, एक फिक्का, एक गडद.
साहेब लोक चेंडू शोधत असतात
आणि मी, खोटं कशाला सांगू,
काठ सरळ आलाय का ते बघत असतो.

सात नंबरचा सेन्सर मार्चअखेर गप्प झाला.
मी चार दिवस सुट्टीवर, मेव्हणीच्या लग्नाला.
तो बोलला नाही म्हणून पाणी सुटलं नाही,
पाणी नाही म्हणून चटईएवढं गवत करपलं,
खालचे खडे वर आले,
आणि टिटवीला वाटलं,
हा तर आपलाच माळ.

मी टिकाव घेऊन गेलो तेव्हा दोघं डोक्यावर ओरडलालते,
अंगावर झेप घेऊन.
चार अंडी. खड्यांच्या रंगाची.
पाय ठेवायच्या आधी दिसली, हे नशीब कुणाचं?

तिथंच उन्हात उभं राहून
मोबाईलवरच्या नकाशावर बोटानं एक वाटोळं काढलं.
मशीनला हुकूम : इथं जायचं नाही.
कारंज्याला : इथं उठायचं नाही.
मागावर मी असा धागा कधी सोडला नसता,
मुकादमानं हजेरी कापली असती.

संध्याकाळी पुण्याहून फोन.
काका, सातजवळ नकाशात भोक पडलंय.
म्हटलं, होल म्हणा.

त्या रात्री मी घरी गेलो नाही.
मशीन तिथवर आलं, दिवा मिचकावला,
जरा थांबलं, विचार केल्यागत,
आणि वळून गेलं.

उंदरानं कुरतडलेली वायर माझ्या खिशात आहे.
अठ्ठावीस दिवस लागतात, असं ऐकलंय.
मग जोडू.